ओल्याला वॉशर, शीला नट

साहेब, तो कागद तुमचा आहे. खाली नाव नाही, सही नाही, नुसता निळा गोल शिक्का, म्हणून साहेब म्हणायचं. बाई असाल तर बाईसाहेब. पण कागद तुमचाच. बाळंतीण दुसऱ्या दिवशी घरी निघाली की तिच्या हातात कोंबायचा तो, चार घड्यांचा, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा. पुढे हसऱ्या बाळाचं चित्र, मागे सतरा ओळी, आणि त्यातल्या अकराव्या ओळीत लपवून ठेवलेला जीव: 'पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा लंगोट ओले होणे आवश्यक. कमी असल्यास मातेने त्वरित संपर्क साधावा.' मातेने! जसं काही त्या घरात माता आणि बाळ सोडून चिटपाखरूही नसतं. आणि सगळ्यात शेवटी: 'तिसऱ्या दिवशी आमची परिचारिका घरी भेट देईल.' तिसरा दिवस आला, जेवला, झोपला, गेला. परिचारिका आली नाही. या दोन ओळींच्या मध्ये एक बाई कशी लटकली ते आता ऐका. मध्येच फोन घेऊ नका.

बाई स्टोअरवाली. एका मोठ्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये जाळीच्या खिडकीमागे अकरा वर्षं बसलेली. नट, बोल्ट, हातमोजे, वेल्डिंगच्या कांड्या, जे लागेल ते तिच्या हातून जायचं. अकरा वर्षांत ती एकच गोष्ट पक्की शिकली होती, की माणसाला विचारायचं नाही, रॅक बघायचा. माणूस म्हणतो, 'दोनच हातमोजे घेतले हो.' रॅक म्हणतो, पाच गेले. रॅक खोटं बोलत नाही. शिल्लक मोजली की खर्च आपोआप कळतो, कुणाच्या तोंडाला लागावं लागत नाही. वर्कशॉपमधले लोक तिला पाठीमागे 'कुलूप' म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि थोडंसं आवडायचंही.

तर मुलगी झाली. टाके पडले, बाई अर्धी झाली, पण घरी आल्या आल्या तिने पहिलं काम काय केलं असेल? लंगोट मोजले. मऊ सुती कापडाचे, तिकोनी शिवलेले, चोवीस. पलंगाशेजारच्या टोपलीत सहासहाचे चार थर लावले. मग एका पुठ्ठ्यावर मार्करने लिहून तो टोपलीच्या वर भिंतीला चिकटवला:

'आधी हात धुवा. कोमट पाणी आणि कापूस. पुढून मागे पुसा, मुलगी आहे. पूर्ण कोरडं करून मगच लंगोट. घडी नाळेच्या खाली, नाळ उघडी राहू द्या. पावडर नाही. कुणाचीही नाही. कितीही वास छान असला तरी नाही.'

कारण मदतीला तीन बायका येणार होत्या आणि तिघींची तीन तोंडं. सकाळी सासूबाई. त्या दोन गल्ल्या पलीकडे धाकट्या लेकाकडे राहायच्या, सातला यायच्या, अकराला जायच्या. दुपारी इस्त्रीवाली मावशी, जिचं दुकान याच इमारतीच्या तळमजल्यावर. आणि संध्याकाळी वर्कशॉप सुटलं की वेल्डरबाई, स्टोअरवालीची जुनी मैत्रीण, जिचा आवाज यंत्रांच्या वर चढायची सवय लागल्याने घरातही खाली उतरायचा नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सुट्टी दोन दिवसांची मिळाली, ती इस्पितळातच संपली.

सासूबाईंनी पुठ्ठा वाचला. चष्मा वर केला, पुन्हा वाचला.

"मी चार वाढवली गं," त्या म्हणाल्या.

"हो आई. पण चारही मुलगे."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "तेही खरंच," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

वेल्डरबाई पुठ्ठ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "स्टोअरबाई, यावर इन्चार्जची सही कुठाय? सहीशिवाय आम्ही काम घेत नाही."

"हळू बोल. झोपलीये ती."

"हेच माझं हळू."

आणि खरं सांगायचं तर तिघींनी त्या पुठ्ठ्यातला शब्दन् शब्द पाळला. नाळ कोरडी राहिली, बूड गुलाबी राहिलं, पावडरचा कण उडाला नाही. त्या बाबतीत तक्रार नाही. घोटाळा पुठ्ठ्यावर जे लिहिलं नव्हतं त्यात होता.

वापरलेल्या लंगोटाचं काय करायचं, ते तिने लिहिलंच नव्हतं. किती झाले ते सांगा, असंही नाही. विचारायचं कशाला? टोपली होती ना. सकाळी चोवीस, संध्याकाळी सोळा, म्हणजे आठ गेले. हिशेब साधा. कुलपाचा हिशेब.

चौथ्या दिवशी दुपारी ती उठली. बाळ शेजारी गाठोडं होऊन झोपलेलं, कोरडं ठणठणीत. तिने टोपली मोजली. चोवीस. बरं, असेल. संध्याकाळी मोजली. चोवीस. रात्री तिने स्वतः दोन बदलले, दोन्ही ओले, धुऊन बाथरूममधल्या दोरीवर टाकले. हे दोन तिचे डोळ्यांदेखतचे. बाकीचे? बाकीचे झालेच नव्हते. टोपली तसं म्हणत होती.

आणि पाचव्या दिवशी, सासूबाई जाऊन तासभर झाल्यावर, मावशी अजून वर यायची होती, तेव्हा बारा वाजता तिने पुन्हा मोजली.

सव्वीस.

तिने खाली बसून मोजली. पलंगावर पसरून मोजली. सव्वीस. चोवीसातून दोन गेले तर बावीस राहतात, आणि इथे सव्वीस होते. हिशेबाने बघायला गेलं तर पोरीने सू करायच्या ऐवजी आणखी साठवून ठेवली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती स्वतःच या हिशेबाला हसली असती. पण पाच दिवसांची झोप राहिलेल्या बाईला हसू कुठून येणार? तिला एवढंच कळलं की चोवीस तासांत दोन, आणि कागदावर सहा. तिने आपली छाती दाबून पाहिली. दूध होतं की नव्हतं? पोरगी ओढत होती, पण पोटात काही जात होतं का? ती एवढी झोपत का होती? शहाणी म्हणून, की अंगात त्राण नाही म्हणून?

बघा साहेब, इथे तुमची परिचारिका बसायला हवी होती. त्या खुर्चीवर. खुर्ची तिने तिसऱ्या दिवशी पुसूनही ठेवली होती.

तिने कागदावरचा नंबर लावला. गाणं वाजलं. बराच वेळ वाजलं. मग एक आवाज आला, जेवता जेवता बोलावं तसा.

"वय?"

"पाच दिवस."

"ओले किती?"

"दोन."

"चोवीस तासांत दोन?"

"हो."

घास थांबला असावा. "मॅडम, लगेच घेऊन या. दूध पुरत नसणार. बाटली सुरू करावी लागेल, बहुतेक दाखल पण करावं लागेल. घरी कुणी लक्ष देत नाही का?"

कुणी लक्ष देत नाही का! या एका वाक्यासाठी त्या आवाजाला कुणीतरी अकरा वर्षं जाळीमागे बसवायला हवं.

नवऱ्याला फोन लावला तेव्हा तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर बसला होता. "दोन?" एवढंच म्हणाला. मग, "हलू नकोस, आलो." अर्ध्या तासात त्याने गाडी दारात उभी केली, हाताला ग्रीस तसंच. निघताना त्याने आईलाही फोन केला. जिन्यातून उतरताना तळमजल्यावर मावशीच्या दुकानात वाफ दिसली, दोन गिऱ्हाइकं दिसली. मावशीने हात हलवला, 'येतेच वर' असा. स्टोअरवालीने मान वळवली. काय सांगणार होती? आपल्या दुधात दम नाही, हे इस्त्रीच्या दुकानासमोर उभं राहून सांगायचं असतं का?

दवाखान्यात हिरव्या खुर्च्या, त्यातली एक मोडकी, आणि भिंतीला हसऱ्या बाळाचं तेच चित्र, फक्त मोठं. आतल्या खोलीत एक सिस्टर होती. वयस्कर, जाड काचांचा चष्मा, हात मात्र लोण्यासारखे मऊ. तिने फॉर्म ओढला.

"ओले लंगोट किती?"

"दोन," स्टोअरवाली म्हणाली. शब्द निघता निघता तिचा चेहरा फुटला. "मी नीट पाजते हो. दर दोन तासांनी पाजते. मला नाही कळत कुठे चुकतंय."

नवरा भिंतीकडे बघायला लागला. ग्रीसचा हात बायकोच्या पाठीवर ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी ठेवला. ब्लाउजवर पाच काळी बोटं उमटली.

तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या. धापा टाकत. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात धाकट्या लेकाची.

"काय झालं माझ्या पोरीला?"

"आई, सू होत नाहीये तिला. कालपासून दोनच," नवरा म्हणाला.

"दोन?" सासूबाई दारातच थांबल्या. "कोण म्हणतं दोन? आज सकाळी एकटीने मी तीन बदललेत! त्यातल्या एकात तर शी पण होती, मोहरीसारखी पिवळीधमक. काय बोलतोस तू?"

"तीन?" स्टोअरवाली म्हणाली. "मग ते कुठायत?"

"कुठे म्हणजे? धुतले."

"टोपलीत सव्वीस आहेत, आई."

"असतीलच. धुतले, पिळले, खाली मावशीच्या इस्त्रीखाली घातले, पंधरा मिनिटांत पापडासारखे वाळले, वर आणून टोपलीत ठेवले. तू झोपलेली होतीस. बाळंतिणीच्या नजरेला भरलेली बादली पडू देऊ नये गं. माझ्या वेळी माझी नणंद बादलीवरून काय काय बोलायची, ते मी अजून विसरले नाही. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेला बादली दिसणार नाही." त्या सिस्टरकडे वळल्या. "यात माझं काही चुकलं का?"

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "मावशी कोण?"

नवऱ्याने फोन लावला आणि आवाज मोठा केला. मागे इस्त्रीची फुसफुस ऐकू आली.

"मावशी, कालपासून बाळाचे लंगोट किती आले तुमच्याकडे?"

"आठ," मावशीचं उत्तर तयारच. "काल दुपारी मीच बदलले ते तीन. संध्याकाळी तुमची ती भोंगा घेऊन बोलणारी बाई दोन देऊन गेली. आज सकाळी तुझ्या आईचे तीन. आठ नग. का रे? एखादा हरवला का? माझ्याकडे नग हरवत नाही, सांगून ठेवते. चाळीस वर्षं मोजल्याशिवाय मी कपड्याला इस्त्री लावलेली नाही."

"हरवला नाही मावशी. उलट चार जास्त आहेत. टोपलीत सव्वीस, दोरीवर दोन."

"ते त्या भोंगावालीचे. तिच्या मुलाचे जुने होते, घेऊन आली. म्हणाली, पोरीला कमी पडायला नकोत. मीच आज सकाळी कडक इस्त्री मारून दिले. पोरगी बरी आहे ना?"

स्टोअरवालीने बोटं मोजली. मावशीचे तीन, मैत्रिणीचे दोन, सासूबाईंचे तीन. आठ. रात्रीचे तिचे स्वतःचे दोन. दहा. तिने पुन्हा मोजलं, कारण सवय. दहाच आले.

दहा! मागितले सहा आणि पोरीने दिले दहा, आणि दिवसभर तीन बायका चोरासारख्या पुरावा नष्ट करत होत्या. मायेपोटी. इतकी नीटनेटकी माया, की तिने एका आईचा जीव काढला.

"वजन करू," सिस्टर म्हणाली. आता तिचा आवाज वेगळा होता. "आकडा बोलू दे."

बाळाला उघडं केलं. वजनकाट्यावर अंथरायचा कागदाचा रोल बघितला तर संपलेला. सिस्टर इकडे तिकडे बघू लागली. टेबलावर गठ्ठा होता, चार घड्यांचा, हसऱ्या बाळाचा. तिने त्यातले दोन काढले, उलगडले, काट्यावर पसरले आणि पोरीला त्यावर ठेवलं. पोरीला ते गार लागलं. तिने पाय झाडले, तोंड वाकडं केलं, आणि मग, साहेब, तुमच्या अकराव्या ओळीवर, बाराव्यावर, तेराव्यावर, शिक्क्यावर, तिसऱ्या दिवशी भेट देणाऱ्या परिचारिकेवर, मनापासून मुतली.

"अकरा," स्टोअरवाली म्हणाली.

सगळ्यात आधी सिस्टर हसली. मग सासूबाईंना हसू फुटलं, त्यांनी पदर तोंडात कोंबला. नवरा हसता हसता मोडक्या खुर्चीवर बसला, खुर्चीसकट खाली गेला आणि तिथेच बसून राहिला. स्टोअरवाली हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नाकातून, डोळ्यांतून सगळं एकदम वाहत होतं. पाच दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे कानांपासून खाली आले.

सिस्टरने काटा पुसला, पुन्हा वजन घेतलं. "जन्माच्या वजनाला चाळीस ग्रॅम कमी. पाचव्या दिवशी एवढं चालतं, भरून निघतं. तोंड ओलं, टाळू नीट, शी पिवळी. दूध उत्तम चाललंय तुमचं. बाटली नको, काही नको. घरी जा." मग तिने हळूच विचारलं, "आमच्याकडची कुणी आली नव्हती का तिसऱ्या दिवशी?"

"नाही."

सिस्टरने चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिला दोष देत नाही कुणी. एकटी होती ती तिथे, आणि बाहेर हिरव्या खुर्च्या भरलेल्या होत्या. निघताना स्टोअरवालीने काट्यावरचा भिजलेला कागद मागून घेतला. सिस्टरने कशाला म्हणून विचारलं नाही, पिशवीत घालून दिला.

त्या संध्याकाळी घरात खटला भरला. आरोपी तिघी, पलंगावर ओळीने. वेल्डरबाईला सगळं सांगितल्यावर ती इतक्या जोरात "काय!" म्हणाली की बाळाने दोन्ही हात हवेत फेकले.

"म्हणजे मी चार लंगोट आणले म्हणून तुला वाटलं पोरगी सुकली?"

"हो."

"अगं मग विचारायचंस ना मला!"

इथेच सगळी मेख होती, आणि ती स्टोअरवालीला कळली होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी टोपलीला विचारलं. तुम्हाला विचारलं नाही."

सासूबाईंनी खाली बघितलं. "आम्ही तरी कुठे सांगितलं? वाटलं, झोपलीये, कशाला उठवायचं सू झाली म्हणून."

"झोपू देच तिला," वेल्डरबाई म्हणाली. तिने कामाच्या पॅंटच्या खिशात हात घातला आणि मूठभर वॉशर नि नट पलंगावर ओतले. चकचकीत, नवे. "न उठवता सांगायचं. ओलं असेल तर एक वॉशर. शी असेल तर एक नट. त्या स्टीलच्या पेल्यात. पेला वरच्या फळीवर, पोरीचा हात पाच वर्षं पोचणार नाही असा."

"दोन्ही असेल तर?" सासूबाईंनी विचारलं. आता त्या मन लावून ऐकत होत्या.

"दोन्ही टाकायचे. कंजुषी नाही."

"हे स्टोअरमधून आणलेस?" स्टोअरवालीने एक वॉशर उचलला. डोळे बारीक केले. "पावती?"

"बघा, बरी झाली बाई!" वेल्डरबाईने मावशीकडे बघून हात जोडले. "माझ्या पैशाने दुकानातून घेतलेत, कुलूपबाई."

सहाव्या दिवशी दुपारी स्टोअरवाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. मावशी वर आली, नळ वाजला, हात धुतले, पोरगी थोडी कुरकुरली. मग फळीवर आवाज आला.

टण.

तिने डोळे उघडले नाहीत. एक वॉशर, तिने मोजला. थोड्या वेळाने, की बऱ्याच वेळाने, पुन्हा: टण, आणि त्यामागून जरा जड असा, टक्. ओलं आणि शी. तिच्या तोंडावर झोपेतच हसू आलं, आणि ती अशी झोपली, की संध्याकाळी वेल्डरबाईचा आवाजही तिला उठवू शकला नाही. पेल्यात तेव्हा नऊ वॉशर होते आणि तीन नट.

राहिला तुमचा कागद. तो मावशीने खाली नेला, दोन फडक्यांच्या मध्ये घालून इस्त्री केला. पिवळा डाग पडला, पण सपाट झाला. त्याच्या रिकाम्या कडेला स्टोअरवालीने मार्करने लिहिलं आहे. पुठ्ठ्यावर लिहिते तसंच, मोठ्या अक्षरात, म्हणजे दिसत नाही असं म्हणायची सोय नाही. तिने आपली चूक आपल्या माणसांसमोर कबूल केली, हे त्यात आहे. आणि पुढे असं आहे:

'या घरात लंगोट बदलणारे हात आठ. तुमच्या कागदाला त्यातले फक्त माझे दोन माहीत. मला एक फळी, एक पेला आणि मूठभर वॉशर पुरले. जिच्याकडे मोजणारी मावशी नाही, तिला हे कोण सांगणार? आणि तिसऱ्या दिवशी तुमची बाई का आली नाही? तिला पाठवलं नाही, की तुमच्याकडे ती नाहीच?'

पाकीट सोमवारी टपालात पडलं. आता तुमच्या टेबलावर आहे. पोच पाठवू नका, साहेब. शिक्का मारून परत पाठवू नका. दोन प्रश्न विचारलेत, दोन उत्तरं द्या.